जॉर्ज बूल : तर्काला बीजगणित शिकवणारे मास्तर

सेकंड इयरला मी तर्कशास्त्राचा पेपर घेतला तेव्हा घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलीला सत्यता-कोष्टकं कशाला हवीत, असा आईचा प्रश्न होता. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. वेळापत्रकात दुसरं काही बसेना, म्हणून घेतला. पण त्या पेपरमुळे एका माणसाशी माझी ओळख झाली. तो दीडशे वर्षांपूर्वीच गेलेला आहे आणि आपल्या बेळगावशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी आज वाङ्मय मंडळाच्या अंकात मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

त्याआधी एका गृहपाठाबद्दल सांगायला हवं. तुम्हाला मनापासून पटलेला एखादा युक्तिवाद लिहा, त्याला चिन्हांत मांडा आणि तो वैध आहे का ते तपासून आणा, असं सरांनी सांगितलं होतं. वर्गात कुणी क्रिकेटवर लिहिलं, कुणी निवडणुकीवर, कुणी मेसच्या जेवणावर. मी तीन ओळी लिहिल्या. देव प्रार्थना ऐकत असेल तर आजी बरी होईल. आजी बरी झाली नाही. म्हणून देव प्रार्थना ऐकत नाही.

मी बारावीला होते तेव्हा नोव्हेंबरात आजी आजारी पडली. सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते. दरवर्षी त्या दिवसांत आजी चोर्ला घाटातून बसने जुन्या गोव्याला जायची. त्या वर्षी तिला जाता येईना, म्हणून आम्ही घरीच नऊ दिवस गुडघे टेकले. आजी वाचली नाही. तेव्हापासून हा युक्तिवाद माझ्या डोक्यात होता. फक्त त्याला युक्तिवाद म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

मी कोष्टक आखलं. दोन विधानं, म्हणून चार ओळी. दोन्ही आधारविधानं खरी ठरतात अशी एकच ओळ निघाली आणि त्या ओळीत निष्कर्षही खराच होता. म्हणजे युक्तिवाद वैध. मी वही मिटली. ते कोष्टक घरी कुणालाच दाखवलं नाही.

ही अशी परीक्षा करता येते, विचारालाही हिशेबासारखं तपासता येतं, हे पहिल्यांदा दाखवलं कुणी, याचा शोध घेताना मला जॉर्ज बूल भेटले.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. आपल्याकडे त्या दिवशी सिमेट्रीत मेणबत्त्या लागतात. वडील जॉन बूल चपला-बूट शिवायचे. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं हे पहिलं मूल. जॉन यांचं मन चामड्यापेक्षा भिंगांत जास्त रमायचं. त्यांनी स्वतःच्या हातांनी दुर्बीण बनवली आणि देवाची करणी आदराने पाहू इच्छिणाऱ्या कुणीही येऊन पाहावं, अशी पाटी दुकानाच्या खिडकीत लावली. दुर्बीण चांगली झाली, दुकान मात्र बसलं.

शिक्षणासाठी पैसे नव्हते. लॅटिन शिकवायला गावातला एक पुस्तकविक्रेता भेटला. ग्रीक जॉर्जने आपलं आपणच शिकून घेतलं. चौदा वर्षांचा असताना त्याने एका प्राचीन ग्रीक कवितेचा इंग्रजीत अनुवाद केला आणि बापाने कौतुकाने तो स्थानिक वर्तमानपत्रात छापायला दिला. त्यावर एका शाळामास्तरने जाहीर शंका घेतली, की चौदा वर्षांच्या पोराला हे जमणारच नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे बूल यांची सुरुवात आपल्यासारखीच, कवितेपासून झाली! गणित नंतर आलं.

सोळाव्या वर्षी घराची जबाबदारी त्याच्यावर आली. डॉनकास्टरच्या एका शाळेत तो साहाय्यक शिक्षक म्हणून लागला. ती शाळा मेथॉडिस्ट पंथाची होती. हा मुलगा रविवारीही गणिताची पुस्तकं वाचतो आणि त्याची धर्ममतं सरळ नाहीत, अशा तक्रारी पालकांकडून झाल्या नि ती नोकरी गेली, असं सांगतात. पाद्री व्हायचाही विचार त्याच्या मनात होता, पण घर चालवायचं तर तो सोडावा लागला. गणिताकडे वळण्याचं एक कारण तर अगदी आपल्या खिशाला समजेल असं आहे. गणिताचं पुस्तक वाचून संपायला बाकी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून तेवढ्याच पैशांत ते परवडतं!

याच डॉनकास्टरच्या दिवसांतली एक गोष्ट पुढे त्यांच्या पत्नीने लिहून ठेवली आहे. सतरा वर्षांचा जॉर्ज एका शेतातून चालला होता आणि एकाएकी त्याच्या मनात आलं, की संख्यांची नाती जशी बीजगणितात मांडतात, तशी विचारांची नातीही मांडता येतील. त्यावर तो लगेच काही करू शकला नाही. पोटापाण्याची कामं पुढ्यात होती. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. आई-वडील आणि तीन धाकटी भावंडं यांचा भार त्या शाळेवर होता. दिवसभर मुलांना शिकवायचं आणि रात्री फ्रेंच गणितज्ञांची पुस्तकं घेऊन बसायचं. कॉलेजचं तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधीच पाहिलं नाही.

शाळा चालवता चालवता त्यांचे लेख केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकात छापून येऊ लागले. १८४४ मध्ये एका मोठ्या निबंधासाठी रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिलं. पदवी नसलेल्या शाळामास्तरला सुवर्णपदक! पण बूल नुसतेच आकड्यांत बुडालेले नव्हते. दुकानांतल्या नोकरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी यासाठी लिंकनमध्ये जी चळवळ चालली तिच्यात ते होते आणि वाट चुकलेल्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी गावात जो आश्रम निघाला, त्याच्या कामातही होते.

१८४७ साली दोन तर्कशास्त्रज्ञांचं भांडण लागलं. एक होते स्कॉटलंडचे सर विल्यम हॅमिल्टन आणि दुसरे ऑगस्टस डी मॉर्गन. हे डी मॉर्गन आपल्या मदुराईत जन्मलेले. भांडण पाहून बूल यांना पंधरा वर्षांपूर्वीचं ते शेत आठवलं असावं. त्याच वर्षी त्यांनी तर्काच्या गणिती विश्लेषणावर एक छोटं पुस्तक लिहून काढलं. सात वर्षांनी, १८५४ मध्ये, मोठा ग्रंथ आला. त्याचं नाव थोडक्यात द लॉज ऑफ थॉट, म्हणजे विचारांचे नियम.

आता त्यांनी नेमकं काय केलं ते सांगते. घाबरू नका, मी साहित्याचीच विद्यार्थिनी आहे.

बूल म्हणतात, अक्षराने एक समूह दाखवायचा. समजा क म्हणजे सगळी फुलं आणि ख म्हणजे सगळ्या पिवळ्या वस्तू. मग क × ख म्हणजे पिवळी फुलं. गुणाकार म्हणजे निवड. टोपलीतून आधी फुलं निवडा, मग त्यांतली पिवळी निवडा. उलट क्रमाने केलंत तरी हाती तेच येतं. आता फुलांतून पुन्हा फुलं निवडा. काय येईल? तीच फुलं. म्हणजे क × क = क. नेहमीच्या संख्यांत हा नियम फक्त दोघींना लागू पडतो, ० आणि १ ला. म्हणून बूल यांनी ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सर्व काही, असं ठरवलं. मग १ − क म्हणजे क सोडून बाकीचं सगळं. एवढ्या सामग्रीतून क × (१ − क) = ० हे समीकरण आपोआप निघतं. अर्थ असा, की एकच गोष्ट फूल आहे आणि फूल नाही, असं एकाच वेळी होऊ शकत नाही. ॲरिस्टॉटलने ज्याला विचाराचा पाया मानलं तो नियम इथे एका ओळीच्या बीजगणितात आला.

आता युक्तिवादाची परीक्षा. सर्व क ख आहेत, हे लिहायचं क = क × ख असं. कारण क मधून ख निवडले तर सगळे क तसेच राहतात. सर्व ख ग आहेत, म्हणजे ख = ख × ग. पहिल्या समीकरणात ख च्या जागी ख × ग घाला. क = क × ख × ग. पण क × ख म्हणजे क च, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून क = क × ग. सर्व क ग आहेत. झालं! शाळेत सर्व माणसे मर्त्य आहेत वगैरे पाठ केलेलं अनुमान इथे कागदावर सिद्ध होतं. माणसं कोण आणि मर्त्य म्हणजे काय, हे माहीत असण्याचीही गरज पडत नाही.

आणि अवैध युक्तिवाद? आमच्या वर्गात लोकप्रिय असलेला एक घेऊ. सर्व कवी दुःखी असतात, मी दुःखी आहे, म्हणून मी कवी आहे. कवी क, दुःखी ख, आणि मी ग. क = क × ख, ग = ग × ख. आता यातून ग = ग × क काढून दाखवा. कितीही उलटसुलट केलं तरी निघत नाही. दोन्ही विधानं खरी मानली तरी, मी दुःखी खरी पण कवी नाही, ही शक्यता उघडी राहते. मंडळाच्या कवितावाचनाला येणाऱ्या काही जणांनी हे समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही. मीही लिहिलं आहे.

बूल यांनी ग्रंथात बायबलमधलंही एक उदाहरण घेतलं आहे. ज्यांचे खूर दुभंगलेले असून जे रवंथ करतात ते पशू शुद्ध, असा जुन्या करारातला नियम. बूल यांनी त्याचं समीकरण मांडलं : शुद्ध = दुभंगलेले खूर × रवंथ. मग ते उलटंपालटं करून विचारता येतं, की नुसत्या दुभंगलेल्या खुरांच्या पशूंबद्दल यावरून काय सांगता येईल? समीकरणातून उत्तर मिळतं. त्यांत सगळे शुद्ध पशू येतात आणि शिवाय रवंथ न करणारे काही अशुद्ध पशू असू शकतात. आपल्या ओळखीचं डुक्कर तिथेच येऊन बसतं.

आज कोष्टकं आखून जी परीक्षा आपण करतो ती पद्धत पुढच्या लोकांनी, विसाव्या शतकात, रुळवली. पण प्रत्येक विधानाला खरं किंवा खोटं, १ किंवा ० देऊन सगळ्या शक्यता मोजायच्या, या कल्पनेचं बी बूल यांच्या पद्धतीत आहे. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने बूल यांचं हेच बीजगणित विजेच्या स्विचांना लावून दाखवलं आणि संगणकाच्या मंडलांचा रस्ता खुला झाला. हा अंक तुम्ही ज्या मोबाईलवर वाचताय, त्याच्या पोटात ० आणि १ चाच खेळ चालू आहे.

आता बूल यांच्या आयुष्यातल्या त्या भागाकडे येते, जो वाचताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं. १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी क्वीन्स कॉलेज सुरू झालं आणि बूल तिथले गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. हातात एकही पदवी नव्हती. वडील त्याच्या वर्षभर आधीच वारले होते. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात जो भीषण दुष्काळ आला होता, त्याच्या खुणा तेव्हा रस्तोरस्ती होत्या.

हे कॉलेज सर्व पंथांच्या मुलांसाठी होतं आणि सरकारी पैशाने तिथे कुठल्याच पंथाचं धर्मशिक्षण दिलं जात नव्हतं. म्हणून विरोधकांनी अशा कॉलेजांना देवहीन कॉलेजं असं नाव ठेवलं. १८५० मध्ये थर्ल्स इथे आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांची धर्मसभा भरली आणि तिने या कॉलेजांविरुद्ध कौल दिला. म्हणजे माझ्याच चर्चने बूल यांच्या कॉलेजापासून लांब राहायला सांगितलं होतं. तरी तिथे कॅथलिक मुलं येतच राहिली आणि बूल त्यांना शिकवत राहिले. हे मी वाचलं ते आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत. बाहेर गेटवर क्रूस आहे आणि माझ्या टेबलावर एक लिंगायत मैत्रीण, एक मुसलमान मैत्रीण नि मी, अशा तिघी नोट्स उतरवत होतो. शतकं बदलतात, चर्चही बदलतं. एवढंच मनात आलं.

बूल देव मानत होते. रूढ पंथांच्या चौकटीत त्यांची श्रद्धा नीट बसत नसे, पण ती खोल होती. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, लॉज ऑफ थॉटच्या तेराव्या प्रकरणात त्यांनी एक धाडस केलं. सॅम्युअल क्लार्क या इंग्रज धर्मपंडिताने देवाचं अस्तित्व निव्वळ तर्काने सिद्ध करणारा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला होता. स्पिनोझानेही भूमितीच्या थाटात देवाविषयी सिद्धांत मांडले होते. बूल यांनी दोघांचे युक्तिवाद घेतले, त्यांतली आधारविधानं एकेक करून वेगळी काढली, चिन्हांत मांडली आणि तपासली. श्रद्धावान माणसाने देवाच्या बाजूचेच युक्तिवाद तपासायला घेतले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यांना काय आढळलं? आधारविधानांतून निष्कर्ष काढणं तेवढं कठीण नाही. कठीण आहे ते आधारविधानं नेमकी कोणती हे ठरवणं आणि ती खरी का मानायची हे सांगणं. अनुभवाचा आधार न घेता, नुसत्या तर्काच्या बळावर अनंत देव सिद्ध करण्याचे प्रयत्न व्यर्थ आहेत, असं मत त्यांनी शेवटी स्पष्ट नोंदवलं. देव नाही असं ते म्हणाले नाहीत. हा रस्ता तिथे पोचत नाही, एवढंच म्हणाले.

ते प्रकरण मला सगळं कळलं असं नाही. पण ते वाचून झाल्यावर मी माझी मिटलेली वही उघडली.

बूल यांच्या घराबद्दल थोडं सांगायलाच हवं. १८५५ मध्ये त्यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी लग्न केलं. ज्यांच्या नावाचं शिखर आपण भूगोलात पाठ केलं, ते हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. मेरी स्वतः गणित जाणणाऱ्या होत्या. त्यांना पाच मुली झाल्या. त्यांतली ॲलिशिया कुठल्याही कॉलेजात न जाता चार मितींच्या भूमितीत नाव करून गेली. ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाली. सगळ्यांत धाकटी एथेल लिलियन कादंबरीकार झाली. तिची द गॅडफ्लाय ही कादंबरी रशियात लाखोंनी खपली. एका कॅथलिक तरुणाची श्रद्धा तुटते, त्याची ती गोष्ट आहे. बापाने युक्तिवाद तपासले आणि लेकीने त्यामागचं दुखणं लिहिलं.

पण या मुलींना वाढताना बघायला बूल राहिले नाहीत. २४ नोव्हेंबर १८६४ रोजी कॉर्कमध्ये जोराचा पाऊस होता. बूल घरापासून सुमारे तीन मैल चालत कॉलेजला गेले, ओल्या कपड्यांनीच त्यांनी तास घेतला आणि तसेच परत आले. ताप चढला, तो फुप्फुसांत उतरला. बेळगावच्या पावसात भिजून वर्गात बसण्याची सवय असलेल्या आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ते त्यातून उठलेच नाहीत. मेरीने त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून बरं करू पाहिलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, आपल्या माणसासाठी सुचेल ते करणाऱ्या बाईची वेडी धडपड मला कळते. आम्हीही काय कमी केलं होतं? ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल वारले. वय एकोणपन्नास. धाकटी एथेल तेव्हा सात महिन्यांचीही नव्हती. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक इथल्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे.

तारखा पुन्हा बघा. २४ नोव्हेंबर हा नोव्हेनाचा पहिला दिवस आणि ८ डिसेंबर म्हणजे निष्कलंक मातेचं फेस्त, ज्या दिवशी पणजीच्या चर्चच्या पायऱ्या दिव्यांनी उजळतात. आजीच्या आजाराचे दिवसही तेच. यातून काहीही सिद्ध होत नाही, हे बूल यांनीच मला शिकवलं. तरी लक्षात राहतं.

आता त्या वहीबद्दल. सरांनी माझ्या कोष्टकाला पूर्ण गुण दिले होते आणि पहिल्या ओळीखाली पेन्सिलीने एक रेघ ओढली होती. बाकी काही लिहिलं नव्हतं. ती रेघ मला तेव्हा कळली नाही, तेरावं प्रकरण वाचल्यावर कळली. युक्तिवाद वैध होता. पण देव प्रार्थना ऐकत असेल तर आजी बरी होईल, हे आधारविधान आलं कुठून? ते बायबलने दिलं नव्हतं, फादरनी दिलं नव्हतं, खुद्द आजीनेही कधी तसं म्हटलं नव्हतं. ऐकणं म्हणजे मी मागितलेलं देणं, हे समीकरण मी लिहिलं होतं. सतरा वर्षांच्या, घाबरलेल्या नातीने.

म्हणून देव ऐकतो हे सिद्ध झालं का? नाही. एक आधारविधान डळमळीत निघालं म्हणून उलटा निष्कर्ष खरा ठरत नाही. मी जिथे होते तिथेच आहे. फक्त एक दार बंद झालंय असं वाटत होतं, ते बंद नव्हतं. ते मीच ओढून घेतलं होतं.

गेल्या ८ डिसेंबरला मिस्सानंतर मी आजीसाठी एक मेणबत्ती लावली. मग दुसरी लावली, बूल मास्तरांसाठी. ते आमच्या पंथाचे नव्हते, आणि मेणबत्ती लावलेली त्यांना आवडली असती की नाही, कोण जाणे. ही दुसरी मेणबत्ती का लावली, हे मला क, ख, ग मध्ये मांडता येणार नाही. आईने विचारलं, तेव्हा तर्कशास्त्राच्या सरांसाठी, एवढंच सांगितलं.